के. बालचंदर : क्रमशः चालणारी कथा

कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातील कुंभकोणम हे देवळांचे गाव म्हणून भारतभर प्रसिद्ध आहे. कुंभेश्वर आणि शार्ङ्गपाणी यांची मंदिरे, दर बारा वर्षांनी भरणारा महामहम उत्सव, तेथील विड्याची पाने आणि पितळेची भांडी यांची वर्णने प्रवासी पुस्तकांतून वाचावयास मिळतात. गणितज्ञ रामानुजन येथे शिकले आणि उ. वे. स्वामिनाथ अय्यर यांनी येथील महाविद्यालयात तमिळ शिकविले, हेही पुष्कळांना ठाऊक असते. परंतु या गावाची आणखी एक ओळख आहे आणि ती प्रस्तुत लेखाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची आहे. आधुनिक तमिळ कथेचे दोन आद्य शिल्पकार, न. पिच्चमूर्ती आणि कु. प. राजगोपालन, हे दोघेही कुंभकोणमचेच. देवळाच्या गोपुराच्या सावलीत वसलेल्या अग्रहारांतील घरांमध्ये, बंद दारांआड, स्त्रीच्या मनात काय चालते याचा शोध या भूमीतील लेखकांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच घ्यावयास आरंभ केला होता.

थि. जानकीरामन यांची ‘मोहमुळ्’ ही कादंबरी याच परंपरेतील होय. तिचा नायक बाबू शिक्षणासाठी कुंभकोणमला येतो, तेथे संगीत शिकतो आणि आपल्याहून दहा वर्षांनी मोठ्या असलेल्या यमुनेवर प्रेम करतो. मराठी वाचकाला विशेष वाटेल ते हे, की यमुनेची आई पार्वतीबाई ही तंजावरची मराठी स्त्री आहे. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून १८५५ पर्यंत या प्रदेशावर भोसल्यांचे राज्य होते. त्यांच्याबरोबर आलेली घराणी तेथेच रुजली. तमिळ कादंबरीतील एका अविस्मरणीय नायिकेच्या मुखाआड आपल्याच भाषेचा पुसट चेहरा असावा, ही गोष्ट सहज बाजूला ठेवण्यासारखी नाही.

चित्रपटानेही हा शोध लवकरच हाती घेतला. कुंभकोणम आणि तंजावर यांच्या दरम्यान पापनाशम नावाचे गाव आहे. तेथे १९०४ साली जन्मलेले के. सुब्रह्मण्यम हे तमिळ बोलपटाच्या पहिल्या पिढीतील थोर दिग्दर्शक. त्यांच्या ‘त्यागभूमि’ या १९३९ च्या चित्रपटात पतीने टाकलेली सावित्री पुढे श्रीमंत होते. तेव्हा तोच पती तिला नांदावयास आणण्यासाठी न्यायालयात जातो. सावित्री भर न्यायालयात नकार देते. इतकेच नव्हे, तर हवी असल्यास आपणच नवऱ्याला पोटगी देऊ, असे सुनावते. राष्ट्रीय चळवळीचा पुरस्कार केल्यामुळे १९४० साली सरकारने या चित्रपटावर बंदी घातली. तथापि आज तो पाहताना सरकारविरोधी भागापेक्षा सावित्रीचा हा नकारच अधिक धारदार वाटतो.

के. बालचंदर यांचा विचार करावयाचा तो या पार्श्वभूमीवर. कुंभकोणमपासून तीस-पस्तीस किलोमीटरांवर नन्निलम आहे आणि त्याच्या लगत नल्लमांगुडी हे लहानसे खेडे. ९ जुलै १९३० रोजी बालचंदर यांचा जन्म तेथे झाला. त्या काळी हा सारा भाग तंजावर जिल्ह्यात मोडत असे. आज नन्निलम तिरुवारूर जिल्ह्यात येते. आठव्या वर्षापासून सिनेमाचे वेड, त्यातही त्यागराज भागवतर यांच्या संगीतप्रधान चित्रपटांचे, आणि बाराव्या वर्षापासून हौशी नाटकांचा नाद, असे त्यांचे बालपण गेले. चिदंबरमच्या अण्णामलै विद्यापीठातून १९४९ साली प्राणिशास्त्राची पदवी घेऊन त्यांनी मुत्तुपेट्टै येथे काही काळ शाळामास्तरकी केली आणि १९५० मध्ये ते मद्रासच्या महालेखापालांच्या कचेरीत कारकून म्हणून रुजू झाले.

चरित्रकार या नोकरीचा उल्लेख एका वाक्यात उरकतात. मला मात्र ती त्यांच्या कलेची पहिली शाळा वाटते. दिवसभर दुसऱ्याने केलेल्या खर्चाची तपासणी करावयाची, बेरीज जुळते की नाही ते पाहावयाचे आणि संध्याकाळी अशाच कारकुनांना हाताशी धरून नाटक बसवावयाचे, असा त्यांचा कित्येक वर्षांचा क्रम होता. पहिली तारीख, उसनवारी, बढती, घरभाडे आणि बहिणीचे लग्न या पाच शब्दांत ज्यांचे आयुष्य मावते, त्या वर्गाचे बोलणे त्यांच्या कानावर रोज पडत होते. पुढे त्यांच्या चित्रपटांत राजे, जमीनदार, दरोडेखोर जवळजवळ आलेच नाहीत. आले ते पगारदार. आणि जवळपास प्रत्येक चित्रपटात एक हिशेब मांडलेला असतो : या घरात कमावतो कोण, खातो कोण आणि त्याची किंमत कोण चुकवतो?

कचेरीतील मंडळींसाठी त्यांनी ‘मेजर चंद्रकांत’ हे नाटक प्रथम इंग्रजीत लिहिले आणि मग तमिळमध्ये आणले. ते फार गाजले. हिंदीतील ‘ऊँचे लोग’ हा १९६५ चा चित्रपट त्याच्यावरच आधारलेला आहे. नोकरी सांभाळूनच ‘दैव ताय्’ (१९६४) या एम. जी. रामचंद्रन यांच्या चित्रपटाचे संवाद त्यांनी लिहिले. त्याच वर्षी त्यांच्या ‘सर्व्हर सुंदरम्’ या नाटकावरून कृष्णन-पंजू या जोडीने चित्रपट केला आणि हॉटेलातील वाढप्याच्या भूमिकेत नागेश यांनी प्रेक्षकांना हसविता हसविता रडविले. १९६५ मध्ये ‘नीर्कुमिळि’, म्हणजे पाण्याचा बुडबुडा, हा बालचंदर यांनी स्वतः दिग्दर्शित केलेला पहिला चित्रपट आला. रुग्णालयाच्या चार भिंतींत घडणाऱ्या या कथेचाही नायक नागेशच होता. रूपवान नायक, तलवारबाजी आणि मोठमोठ्या आवारांचे देखावे यांची सवय झालेल्या प्रेक्षकांपुढे एका विनोदी नटाला नायक म्हणून उभे करणे हे धाडस होते.

‘इरु कोडुगळ्’ (१९६९), म्हणजे ‘दोन रेषा’, हा या पहिल्या काळातील सर्वांत नेटका चित्रपट. पाटीवरील रेषेला हात न लावता ती लहान कशी करावी, हे कोडे आपल्याकडेही मुलांना घालतात. उत्तर असे, की तिच्याशेजारी दुसरी मोठी रेषा ओढावी. येथे सरकारी कचेरीतील एका कारकुनाने पहिल्या पत्नीपासून दूर होऊन दुसरा संसार थाटला आहे आणि ती पहिली पत्नी जिल्हाधिकारी होऊन त्याच कचेरीत येते. ज्याने कधीतरी कचेरीत काम केले आहे त्यालाच साहेबाच्या खोलीच्या झुलत्या दारातले नाट्य असे दिसू शकते. त्या वर्षीचा उत्कृष्ट तमिळ चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार त्याला मिळाला.

यानंतर १९७३ साली ‘अरंगेट्रम्’ आला आणि तमिळ समाज हादरला. शिष्येने नृत्याची विद्या पुरी करून प्रथमच रंगमंचावर पाऊल ठेवणे याला त्या भाषेत अरंगेट्रम् म्हणतात. तंजावरच्या मुलुखात या शब्दाला देवपूजेचे पावित्र्य आहे. बालचंदर यांची नायिका ललिता ही मोठ्या खटल्यातील गरीब पुरोहिताची थोरली मुलगी. धाकट्या भावंडांची पोटे भरावीत म्हणून ती घराबाहेर पडते आणि अखेरीस शरीरविक्रयापर्यंत पोचते. तिच्या पैशांवर घर उभे राहते; भावंडे शिकतात; आणि सत्य कळते तेव्हा ते उभे राहिलेले घरच तिला उंबऱ्याबाहेर लोटते. चित्रपटाचे नाव इतके कडवट का, हे त्या क्षणी उमगते. पुरोहिताच्या कुटुंबात असे दाखविल्याबद्दल फार ओरड झाली. ती करणाऱ्यांनी एवढे लक्षात घेतले नाही, की दिग्दर्शकाचा रोख ललितेवर नव्हता. तो जेवणाऱ्यांवर होता.

पुढच्याच वर्षी आलेला ‘अवळ् ओरु तोडर्कदै’ हा त्याच हिशेबाचा दुसरा ताळेबंद. येथे कविता या नायिकेला कोणतेही पाप करावे लागत नाही. ती केवळ नोकरी करते. बाप संसार टाकून निघून गेला आहे. थोरला भाऊ बेकार आणि व्यसनी, त्याची बायकोमुले, विधवा बहीण, आंधळा धाकटा भाऊ, आई, असा गोतावळा एका पगारावर पोसला जातो. सुजाता या नटीने कविता उभी केली. तिची कविता सोशिक नाही, हे महत्त्वाचे. ती फटकळ आहे, घरात शिरली की सगळे गप्प होतात, पैशापैशाचा जाब विचारते. ऋत्विक घटक यांच्या ‘मेघे ढाका तारा’ची येथे आठवण होते, पण घटकांची नीता सोसून सोसून शेवटी जगावेसे वाटते म्हणून टाहो फोडते, तर कविता पहिल्या प्रसंगापासून भांडते. अखेर भाऊ सुधारतो, जबाबदारी घेतो, तिचे लग्न ठरते. आणि ऐन वेळी त्याचा खून होतो. कविता आपल्या जागी धाकट्या बहिणीला बोहल्यावर उभी करते आणि पुन्हा कचेरीच्या वाटेला लागते.

‘तोडर्कदै’ म्हणजे साप्ताहिकांतून क्रमाक्रमाने येणारी कथा, जिच्या प्रत्येक हप्त्याखाली ‘क्रमशः’ असे छापलेले असते. चित्रपटाच्या नावाचा अर्थ ‘ती एक क्रमशः कथा’ असा होतो. बालचंदर यांच्यावर नेहमी घेतला जाणारा आक्षेप याच ठिकाणी उपस्थित होतो. ते स्त्रीला प्रश्न विचारू देतात. पण उत्तराच्या उंबऱ्यावर आणून तिला मागे फिरवितात. खुनाचा तो योगायोग केवळ तिला पुन्हा जुंपण्यासाठी आणला आहे, असे म्हणणाऱ्यांची बाजू मला दुबळी वाटत नाही. पस्तीस वर्षांपूर्वी सुब्रह्मण्यम यांच्या सावित्रीने जो नकार दिला, तो कविता देत नाही. पण सावित्रीला अचानक वारशाने संपत्ती लाभली होती, हेही विसरता कामा नये. कवितेजवळ केवळ पगार होता, आणि पगारदार माणसाचा नकार पहिल्या तारखेपर्यंतच टिकतो, हे महालेखापालांच्या कचेरीतील जुन्या कारकुनाला ठाऊक होते. याच कथेवरून १९८२ साली हिंदीत ‘जीवनधारा’ निघाला.

१९७५ च्या ऑगस्ट महिन्यात ‘अपूर्व रागंगळ्’ प्रदर्शित झाला. एक तरुण आपल्याहून वयाने मोठ्या गायिकेवर प्रेम करतो, आणि तिची मुलगी त्या तरुणाच्या पित्याशी लग्न करू इच्छिते. आपण लहानपणी वेताळ पंचविशीत ऐकलेले शेवटचे कोडे ते हेच : या दोन विवाहांपासून होणाऱ्या मुलांचे परस्पर नाते काय? विक्रमाला उत्तर देता आले नाही आणि बालचंदर यांनीही दिले नाही. गायिका भैरवीचा बेपत्ता नवरा परत येतो आणि सगळी नाती आपापल्या जुन्या जागी जातात. फाटक ढकलून आत येणारा, दाढी वाढलेला, थकलेला तो नवरा हीच एका नव्या नटाची तमिळ प्रेक्षकांशी पहिली भेट होती. शिवाजीराव गायकवाड हे त्याचे नाव. बंगळूरच्या मराठी भाषक कुटुंबातील हा मुलगा तेथील बसमध्ये वाहक होता आणि मद्रासला अभिनय शिकावयास आला होता. पूर्वज पुणे जिल्ह्यातील मावडी कडेपठारचे असे सांगितले जाते. बालचंदर यांनी त्याला तमिळ शिकावयास लावले. शिवाजी गणेशन यांच्यामुळे ‘शिवाजी’ हे नाव चालणार नव्हते, म्हणून ‘मेजर चंद्रकांत’ या आपल्याच नाटकातील एका पात्राचे नाव त्याला दिले : रजनीकांत. पुढचा इतिहास सर्वश्रुत आहे. बालचंदर यांच्याकडे मात्र हा नट प्रारंभी बहुधा खलपुरुष म्हणूनच दिसतो. तरुण प्रेमिकाच्या भूमिकेत होते कमल हासन, ज्यांना बालचंदर यांनी ‘अरंगेट्रम्’पासून घडवीत आणले होते.

‘अवर्गळ्’ (१९७७) हा मला त्यांचा सर्वांत प्रामाणिक चित्रपट वाटतो. नायिका अनु हिच्यापुढे तीन पुरुष आहेत : छळ करणारा आणि नंतर पश्चात्तापाचे सोंग आणणारा पूर्वीचा नवरा, पूर्वीचा प्रियकर, आणि बोलक्या बाहुलीच्या तोंडून आपले मन सांगणारा एक भिडस्त सहकारी. प्रेक्षक वाट पाहतात, की ती यांपैकी कोणाला निवडणार. ती कोणालाच निवडत नाही. ती दुसऱ्या गावी जावयास आगगाडीत बसते आणि तिच्याबरोबर येते ती तिची सासू, त्या छळणाऱ्या नवऱ्याची आई. दोन बायका एका डब्यात, पुढे काय ते माहीत नाही. हा शेवट पाहून त्या काळचे प्रेक्षक अस्वस्थ होऊन बाहेर पडले असतील, तर नवल नाही.

इतर भाषांतील त्यांच्या कामाचा धावता उल्लेख पुरे. तेलुगूतील ‘मरो चरित्र’ (१९७८) आणि त्यावरून हिंदीत केलेला ‘एक दूजे के लिए’ (१९८१) हे आपल्याकडे सर्वांना परिचित आहेत. दुसऱ्याची कथा तर गोव्यातच घडते. कोमल स्वामिनाथन यांच्या नाटकावरून केलेला ‘तण्णीर् तण्णीर्’ (१९८१) हा त्यांच्या नेहमीच्या घराबाहेर पडून पाण्यावाचून तडफडणाऱ्या खेड्यात गेला. त्याला उत्कृष्ट तमिळ चित्रपटाचा आणि पटकथेचा राष्ट्रीय पुरस्कार लाभला. त्याच वर्षी त्यांनी ‘कवितालया’ ही स्वतःची निर्मितिसंस्था काढली.

‘सिंधु भैरवी’ (१९८५) पाहताना मात्र ते पुन्हा आपल्या मातीत आल्याची जाणीव होते. नन्निलमजवळचे तिरुवारूर ही कर्नाटक संगीताच्या त्रिमूर्तीची जन्मभूमी. त्यागराजांनी या तमिळ प्रदेशात राहून रचना केल्या त्या तेलुगूत, आणि त्यांच्या हयातीत तंजावरच्या गादीवर मराठे होते. इतक्या भाषा येथे एकमेकींत मिसळल्या आहेत. चित्रपटातील विख्यात गायक जे. के. बी. याला भर मैफलीत सिंधु नावाची एक शिक्षिका विचारते, की ऐकणाऱ्यांना कळेल अशा तमिळमध्ये आपण का गात नाही? हा प्रश्न त्या प्रांतात फार जुना आणि फार नाजूक. गायकाची पत्नी भैरवी प्रेमळ आहे, पण तिला संगीताचे अंग नाही, मूलही नाही. गायक सिंधुकडे ओढला जातो. सुहासिनी, इळैयराजा आणि गायिका चित्रा या तिघांना या चित्रपटासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाले. शेवटी सिंधु आपले नवजात मूल भैरवीच्या ओटीत घालून निघून जाते. येथेही तेच : प्रश्न विचारणारी स्त्री सर्वस्व देऊन कथेबाहेर पडते आणि घर पूर्ववत बंद होते.

त्यांच्या शैलीविषयीही दोन शब्द सांगितले पाहिजेत, कारण तिचे दोष झाकून उपयोग नाही. रंगभूमीचे वळण त्यांच्या हातून कधी सुटले नाही. पात्रे फार बोलतात, आणि त्यांच्या बोलण्यात कोटी असते. हेलकावणारा झोपाळा, फुटणारी लाट यांसारख्या वस्तूंकडून ते इतक्यांदा अर्थ वदवून घेतात, की सूज्ञ प्रेक्षकाला आपल्यावर अविश्वास दाखविल्यासारखे वाटते. परंतु छोट्या खोलीत चार माणसांना वावरू देऊन त्यांच्यातील ताण धरून ठेवणे, हे जे नाटकाने त्यांना शिकविले, त्याला चित्रपटगृहाचा भव्य पडदा खरे तर मोठाच पडत होता.

मद्रासचे दूरदर्शन केंद्र १५ ऑगस्ट १९७५ रोजी सुरू झाले. म्हणजे ‘अपूर्व रागंगळ्’च्याच महिन्यात. पंधरा वर्षांनी बालचंदर त्याच्याकडे वळले. १९९० च्या सुमारास त्यांची ‘रयिल स्नेहम्’, म्हणजे आगगाडीतील मैत्री, ही मालिका दूरदर्शनवर आली. तेव्हा ते साठीचे होते, १९८७ मध्ये पद्मश्री लाभलेले, आणि ज्यांना त्यांनी नावारूपास आणले ते नट आता अवघा चित्रव्यवसाय पेलत होते. अशा माणसाने छोट्या पडद्यावर यावे, ही अनेकांना उतरणीची खूण वाटली. त्यानंतर गीता या अभिनेत्रीला घेऊन केलेली ‘कै अळवु मनसु’, रेणुका हिची ‘प्रेमी’ आणि इतर मालिका आल्या. खाजगी वाहिन्यांचा काळ सुरू झाल्यावर त्यांच्या ‘मिन बिंबंगळ्’ या संस्थेने नागा या तरुण दिग्दर्शकाची ‘मर्मदेशम्’ ही गूढमालिका निर्माण केली. तमिळ दूरचित्रवाणीत तिचे स्थान आजही मानाचे आहे.

उतरण हा शब्द मला मान्य नाही. मालिकेचे तंत्रच वेगळे. चित्रपटाला अडीच तासांत घर आवरून दिवा मालवावा लागतो. मालिकेला ती सक्ती नसते. प्रत्येक भाग अर्ध्या तासाचा, कॅमेरा चेहऱ्याजवळ, खर्च बेताचा, खोल्या दोन-तीन. आणि ती पाहणारी स्त्री तिकीट काढून परक्या अंधारात बसलेली नसते. ती आपल्याच घरात, ज्या माणसांबद्दल कथा आहे तशाच माणसांच्या शेजारी बसून पाहत असते. ‘अरंगेट्रम्’ ज्यांनी पाहू नये असे वडीलधाऱ्यांना वाटले होते, त्यांच्यापर्यंत तो प्रश्न आता जेवणाच्या वेळी पोचू लागला. तमिळमध्ये दूरचित्रवाणीच्या मालिकेलाही ‘तोडर्’ असेच म्हणतात. कवितेचे वर्णन करण्यासाठी त्यांनी १९७४ मध्ये जो शब्द योजला, तोच सोळा वर्षांनी त्यांच्या नव्या माध्यमाचे नाव होऊन बसला.

अर्थात, या माध्यमाचे पुढे काय झाले तेही सांगितले पाहिजे. कथा संपविण्याची सक्ती नाही, या सोयीचा धंद्याने लवकरच गैरफायदा घेतला. रोजच्या मालिकांत ‘क्रमशः’ हा जगण्याचा धर्म राहिला नाही. तो जाहिराती धरून ठेवण्याचा आकडा झाला. सोसणारी सून आणि कारस्थानी सासू यांचे जे पीक सर्व भाषांत आले, त्याच्या बियाण्यात बालचंदर यांच्या नायिकांचाही थोडा अंश होता, हे त्यांच्या चाहत्यांनी कबूल करावे. मात्र ‘अवर्गळ्’मधील ती सासू-सून त्या पिकात कोठेच सापडत नाहीत.

चित्रपटाची दिशा त्यांनी पूर्णपणे सोडली नाही. ‘ड्युएट’ (१९९४) मधून प्रकाश राज तमिळमध्ये आले. ‘पोय्’ (२००६) हा बालचंदर यांनी दिग्दर्शित केलेला शेवटचा चित्रपट. २०१० सालचा दादासाहेब फाळके पुरस्कार त्यांना देण्यात आला. २३ डिसेंबर २०१४ रोजी चेन्नई येथे त्यांचे निधन झाले.

या शतकाच्या आरंभी त्यांनी ‘सहाना’ नावाची मालिका केली. ती ‘सिंधु भैरवी’चा उत्तरभाग आहे. चित्रपट जेथे संपला तेथून बरीच वर्षे पुढे सरकली आहेत, आणि सिंधुने ज्या घरात ठेवले होते ते मूल आता मोठे झाले आहे. १९८५ मध्ये बंद केलेले त्या घराचे दार पंच्याहत्तरीकडे झुकलेल्या दिग्दर्शकाने स्वतः जाऊन पुन्हा उघडले आणि मालिकेला नाव दिले तेही एका रागाचेच.